पाण्याचं एक पिंप

(तालुक्याच्या मेळाव्यात आम्ही तरुण कार्यकर्त्यांनी केलेलं भाषण. बऱ्याच पाड्यांनी मागितलं म्हणून छापत आहोत. ज्याला वाचता येतं त्याने बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावं.)



भात कापून झालं. झोडणी उरकली की मुकादम पाड्यावर येईल. कोण वीटभट्टीवर जाईल, कोण रेतीवर, कोण दगडखाणीवर आणि खडी मशीनवर. दरवर्षी आपण मुकादमाला दोनच गोष्टी विचारतो. उचल किती देणार? आणि ब्रासला भाव काय? यंदा तिसरी गोष्ट विचारायची आहे. धुळीचं काय करणार?

आम्ही हे नुसतं पुस्तकातून बोलत नाही. आमच्यातले चौघं दोन हंगाम खडीवर राबले आहेत. मशीन चालू झालं की दहा हातांवरचं माणूस दिसत नसे. संध्याकाळी सगळ्यांच्या भुवया, केस पांढरे. आम्ही एकमेकांना हसायचो, "काय रे, आजच म्हातारा झालास?" आमच्यासोबत पाड्यावरचा एक काका होता. तो दगडात सुरुंगाची भोकं पाडायच्या मशीनवर होता, आमच्या आधीपासून, आठ वर्षं. आज तो काका नदीवरून घरी येताना चार वेळा बसतो. तीन वेळा त्याला टीबीचं औषध चालू केलं. एकानेही त्याला विचारलं नाही, "बाबा, तू काम काय करत होतास?" आणि खरं सांगायचं तर आम्हीही सांगितलं नाही. कारण आम्हालाच माहीत नव्हतं. मग आम्ही विचारत गेलो, वाचत गेलो. जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

जी धूळ डोळ्याला दिसते ती नाकात, घशात अडकते आणि थुंकीतून बाहेर पडते. जी फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचते ती दिसतच नाही. एका मिलिमीटरचे हजार भाग करा. त्यातल्या पाच भागांहूनही बारीक अशी ती कणी असते. गारगोटीची ही कणी फुप्फुसात गेली की शरीर तिला खाऊन टाकायला बघतं, पण दगड पचत नाही. तिथे जखम होते, जखमेचा वण राहतो. असे वण वाढत जातात आणि फुप्फुस वाळलेल्या कातड्यासारखं ताठ होतं. मग माणसाला दम पुरत नाही. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात.

याच्या चार गोष्टी ध्यानात ठेवा. एक, हा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. दोन, बहुतेक वेळा तो दहा-बारा वर्षांनी दिसतो, पण धूळ फार असली तर दोन-चार वर्षांतही धरतो. तीन, काम सोडलं तरी तो आत वाढत राहू शकतो. चार, तो बरा करणारं औषध नाही. शिवाय असं फुप्फुस झालं की टीबी लवकर पकडतो. म्हणून टीबी निघाला तर औषध अर्ध्यात सोडायचं नाही. पण नुसत्या टीबीच्या गोळ्यांनी दगडाचे वण जात नाहीत, हे डॉक्टरलाही आणि आपल्यालाही माहीत पाहिजे.

खाणीवर सांगतात, "गूळ खा, धूळ उतरते." गूळ पोटात जातो, धूळ फुप्फुसात जाते. दोघांची भेट होत नाही. तोंडाला फडकं बांधलं तर मोठी धूळ थांबते, ती बारीक कणी फडक्यातून आरपार जाते.

सगळा दगड सारखा नसतो, हेही सांगितलं पाहिजे. आपल्याकडच्या काळ्या दगडात गारगोटी कमी असते. म्हणून त्याची धूळ चांगली असं नाही, खोकला आणि दमा तीही देते. पण पांढरी गार, वाळूचा दगड आणि पाटीच्या पेन्सिलीचा दगड जास्त घातक. दगड कसला ते ओळखायची एक खूण आहे. गारगोटीने काचेवर ओरखडा उठतो. मुकादम दूर कुठे पांढऱ्या दगडाच्या भुकटीच्या कारखान्यात न्यायला लागला तर दुप्पट सावध व्हा.

मध्य प्रदेशात मंदसोर म्हणून जिल्हा आहे. आपली पोरं शाळेत पाटीवर ज्या पेन्सिलीने अ-आ गिरवतात, ती पेन्सिल तिथे दगड कापून करतात. विजेच्या करवतीने, कोरडा दगड. अहमदाबादला कामगारांच्या रोगांचा अभ्यास करणारी सरकारी संस्था आहे. तिच्या डॉक्टरांनी तिथले 593 कामगार तपासले. निम्म्याहून जास्त लोकांच्या फुप्फुसात हा रोग निघाला. आपलं पोर शिकावं म्हणून आपण पेन्सिल आणली, आणि ती करणाऱ्याचा श्वास त्यात गेला.

आता तुम्ही म्हणाल, दगड फोडला की धूळ उडणारच. तर तसं नाही. आपले म्हातारे पहारीने सुरुंगाचं भोक पाडायचे तेव्हा भोकात पाणी ओतत. चिखल निघे, धूळ उडत नसे. मग हवेच्या जोरावर चालणारी मशीनं आली. काम भराभर व्हायला लागलं आणि पाणी गेलं. अमेरिकेतल्या खाणकामगारांनी त्या कोरड्या मशीनला नावच ठेवलं होतं, बायकांना विधवा करणारं मशीन. म्हणून 1897 च्या सुमारास लेनर नावाच्या माणसाने पोलादी सळईच्या आतून पाणी सोडणारं मशीन काढलं. म्हणजे उपाय जुना आहे. जगाला ठाऊक आहे. आपल्या खाणीवर तेवढा पोचला नाही.

खडी मशीनचंही तसंच. दिल्लीजवळ फरिदाबादच्या दगडखाणीत बाहेरून आणलेले मजूर वेठीला राबत होते. बंधुआ मुक्ती मोर्चाने सुप्रीम कोर्टाला एक पत्र लिहिलं. कोर्टाने त्या पत्रालाच अर्ज मानलं आणि 16 डिसेंबर 1983 ला निकाल दिला. त्यात धुळीबद्दल साफ लिहिलं आहे. खडी मशीनच्या वर पाण्याचं पिंप ठेवा आणि दगडावर सारखं पाणी शिंपडत राहा, नाहीतर धूळ ओढून घेणारं यंत्र बसवा. देशाच्या सगळ्यात मोठ्या कोर्टाने सांगितलं ते काय? पाण्याचं एक पिंप! आपल्या दोन हंगामांत आम्ही मशीनवर पिंप बघितलं नाही. पाणी होतं, पण ते मालकाच्या ट्रकला धुवायला.

धुळीखेरीज दुसरं मरण कड्याचं. खालून पोट पोखरून दगड काढला की कमी मेहनतीत जास्त ब्रास पडतो. वरचा कडा लटकत राहतो आणि एक दिवस खाली येतो. खाणीचा नियम सांगतो की कडा पोखरून लटकता ठेवायचा नाही, पायऱ्या पाडत वरून खाली यायचं. ब्रासवर मजुरी दिली की माणूस आपणहून पोखरायला जातो. मग मालक म्हणतो, "त्याचीच चूक." ती चूक भावाची आहे, माणसाची नाही.

मालक आणखी म्हणतो, ही छोटी खाण, इथे कायदा नाही. हेही तपासा. उघड्या खाणीत सुरुंग लावतात का? खड्डा 6 मीटरहून खोल आहे का? 50 हून जास्त माणसं आहेत का? यातलं एक जरी असलं तरी खाणीचा कायदा तिथे लागू आहे. त्या कायद्याने 18 वर्षांखालचं पोर खाणीत लावता येत नाही. आठवड्याला एक सुट्टी पाहिजे. कामगाराचं नाव रजिस्टरात पाहिजे. खाणकामगाराला असा रोग दिसला तर डॉक्टरने खाण निरीक्षकाला कळवलं पाहिजे. आणि भरपाईच्या कायद्यातही धुळीचा हा रोग कामामुळे झालेली इजा म्हणून धरला आहे.

पण आमच्या काकाकडे आठ वर्षांचा एक कागद नाही. नाव मुकादमाच्या वहीत, वही मुकादमाच्या खिशात. आपल्याला ही गोष्ट नवी आहे का? काकाचा एकसाली प्लॉट असाच गेला. बापाने कसला, त्याने कसला, पण पावती नव्हती म्हणून तो चोर ठरला. प्लॉट गेला म्हणून तो खडीवर गेला. तिथेही पावती नाही, म्हणून तो मजूरसुद्धा ठरत नाही. जमिनीवर कागद नाही, छातीतल्या दगडालाही कागद नाही. म्हणून आम्ही म्हणतो, प्लॉटची लढाई आणि धुळीची लढाई एकच आहे. ज्याचं खाचर शाबूत आहे तो मुकादमाला "नाही" म्हणू शकतो.

तर यंदा जाण्याआधी पाड्यापाड्यावर हे ठरवू या.

कोण कुठल्या खाणीवर, कुठल्या मुकादमाकडे, किती तारखेला गेला हे पाड्याच्या वहीत लिहायचं. बायांची नावंसुद्धा. पाट्या त्याच उचलतात, धूळ त्याच खातात.

दवाखान्यात गेलं की पहिलं वाक्य, "मी दगडाच्या धुळीत इतकी वर्षं काम केलं." एक्सरे मागून घ्यायचा आणि पत्र्याच्या पेटीत ठेवायचा, सातबाऱ्यासारखा.

एकट्याने मालकाशी भांडायचं नाही. दहा जणांनी मिळून सांगायचं, आधी मशीनवर पिंप, मग काम.

मेळावा झाल्यावर आम्ही काकाला हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माझं झालं. पण माझ्या पोराचं नाव वहीत पहिलं लिहा."

लिहिलं आहे. आता तुमची नावं सांगा.

जोहार! जिंदाबाद!