माळ गळ्यात, फोन कानाला



मागच्या वारीत मुक्कामाच्या ठिकाणी कीर्तन संपलं आणि एक गृहस्थ पुढे आले. साठीच्या पुढचे, कपाळी गंध, हातात छोटा फोन. मला म्हणाले, "महाराज, तीस वर्षं माळ आहे गळ्यात. तोंडातून वाईट शब्द गेला नव्हता. आता रोज जातो. हा फोन वाजतो, कुणीतरी म्हणतो लोन घ्या. नको म्हटलं की दुसरा करतो. दुसऱ्याला नको म्हटलं तर तो म्हणतो, नको होतं तर फोन उचलला कशाला, टाइमपास करता का! मग माझाही तोल जातो. महाराज, शिवी देता येत नाही आणि गप्प बसवत नाही. करू काय?"

आजूबाजूची मंडळी हसली. हसू येतंच. पण तुम्ही हे घरी बसून वाचत असाल, किंवा दिंडीच्या राहुटीत कुणी मोठ्यानं वाचून दाखवत असेल, तर जरा आठवून बघा. गेल्या आठ दिवसांत आपली जीभ सगळ्यात जास्त कुणावर सुटली? सुनेवर नाही, भावकीवर नाही. ज्याचं तोंड कधी पाहिलं नाही, अशा माणसावर सुटली. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

पैठणच्या नाथमहाराजांची कथा तुम्हाला ठाऊक आहे. गोदावरीचं स्नान करून येताना एक जण अंगावर थुंकायचा, नाथ पुन्हा स्नानाला जायचे, असं एकशे आठ वेळा झालं म्हणतात. ती कथा सगळे सांगतात. मला आज दुसरी सांगायची आहे, कारण आपल्या फोनचं कोडं त्या दुसऱ्या कथेत जास्त उलगडतं.

पैठणात एका ओट्यावर टवाळ मंडळी बसायची. उद्योग एकच, येणाऱ्या-जाणाऱ्याची कुचेष्टा. एक गरीब ब्राह्मण गावात आला. मुलाची मुंज करायची, गाठीला पैसा नाही. त्यानं या ओट्यावर मदत मागितली. मंडळी म्हणाली, "दोनशे रुपये देतो. पण एक काम कर. त्या एकनाथाला राग आणून दाखव." त्या काळचे दोनशे रुपये बरं का माऊली! बिचारा निघाला. नाथ देवापुढे बसलेले. हा पाय न धुता थेट आत गेला आणि नाथांच्या मांडीवर जाऊन बसला. नाथांनी डोळे उघडले आणि म्हणाले, भेटायला पुष्कळ येतात, पण इतक्या प्रेमानं भेटणारे तुम्हीच. त्याला जेवायला बसवलं. गिरिजाबाई वाढायला वाकल्या, तर यानं त्यांच्या पाठीवर उडी मारली. आता तरी राग यावा की नाही? नाथ गिरिजाबाईंना म्हणाले, जपून हो, पाहुणे पडतील. आणि ती माऊली म्हणाली, पडू कशी देईन, हरीला पाठीवर घेऊन घरची कामं करायची सवय आहे मला. ब्राह्मण रडत पायावर पडला, खरं काय ते सांगितलं. तेव्हा नाथ काय म्हणाले? अरे, आधी सांगितलं असतंस तर मी रागावलो असतो, तुझे दोनशे रुपये तरी बुडाले नसते!

आता सांगा, तुमच्या फोनवर बोलणारं पोरगं कोण आहे?

ते या ब्राह्मणासारखं आहे. आपल्याच तालुक्यातलं असेल. बारावी झालं, शेती पिकत नाही, पुण्यात किंवा ठाण्यात एका हॉलमध्ये कानाला हेडफोन लावून बसलंय. नंबर तेही फिरवत नाही, मशीन फिरवतं. एकाच वेळी बरेच नंबर लागतात, जो उचलेल तो मोकळ्या पोराला जोडून मिळतो. म्हणून तर तुम्ही हॅलो म्हणता आणि दोन क्षण पलीकडे कुणीच नसतं. समोर काय बोलायचं ते लिहून दिलेलं. महिन्याचं टार्गेट दिलेलं. तुम्ही शिवी दिली, फोन ठेवला, की लगेच पुढचा माणूस त्याच्या कानात येतो, आणि तोही शिवीच देतो. दिवसभर हेच. संध्याकाळपर्यंत ते पोरगं तुमच्याशी उद्धट बोललं, तर त्याचं समर्थन मी करत नाही. पण ते उद्धट झालं कसं, हे कळायला हवं.

आणि ओट्यावरची मंडळी? ती फोनवर कधी येतच नाहीत. ज्यांनी दोनशे रुपये लावले ते मागे बसलेत. तुमची शिवी त्यांच्यापर्यंत पोचत नाही. ती त्या पोराच्या कानात राहते आणि तुमच्या जिभेवर राहते.

इथे काही जण म्हणतील, महाराज, मग सहन करायचं का? आमचे काही वडीलधारे असंच सांगतात, की प्रारब्ध आहे, सोसा. मला हे पटत नाही. नाथांनी थुंकणाऱ्याला शाप दिला नाही, हे खरं. पण त्यांनी स्नान सोडलं का? त्याच्याशी वाद घालत घाटावर उभे राहिले का? आपलं जे चाललं होतं ते त्यांनी चालू ठेवलं. सोसणं आणि आपला दिवस दुसऱ्याच्या हाती देणं, यात फरक आहे. आपण तर ताटावरून उठतो! हातातला घास ठेवून कुणा अनोळखी माणसाला सांगायला धावतो, की मला क्रेडिट कार्ड नको.

पुंडलिकाच्या दारात प्रत्यक्ष परमात्मा आला होता. आई-बापाची सेवा चालू होती. पुंडलिक उठला का? वीट सरकवली, म्हणाला, यावर थांब. आणि तो अजून उभा आहे! देवाला थांबवता येतं, आणि लोनवाल्याला थांबवता येत नाही?

तर वीट कशी सरकवायची ते सांगतो. कीर्तनात हे कशाला, असं वाटेल कुणाला, वाटू द्या.

१९०९ हा नंबर लक्षात ठेवा. आपल्याच फोनवरून या नंबरला मेसेज करायचा: इंग्रजीत स्टार्ट, एक जागा सोडून शून्य. फुकट आहे. लिहिता येत नसेल तर १९०९ ला फोन लावून सांगता येतं. याला डीएनडी म्हणतात, म्हणजे 'मला त्रास देऊ नका'. जाहिरातीचे फोन आणि मेसेज नकोत, अशी ती नोंद. बँकेचा ओटीपी बंद होईल, गॅसचा मेसेज येणार नाही, अशी भीती पुष्कळांना असते. ती सोडा, ते मेसेज चालू राहतात. नियमाप्रमाणे जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या नंबरावरून यायला हवेत. बँकांसारख्यांच्या कामाच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर दिलेत. पण त्रास देणारे बहुतेक साध्या दहा आकडी नंबरावरून करतात, आणि खरी गोम तिथे आहे. अशा वेळी तो नंबर, तारीख आणि तो काय म्हणाला ते थोडक्यात लिहून त्याच १९०९ ला तक्रार करायची. फोन आल्यापासून सात दिवसांच्या आत. पूर्वी तीनच दिवस मिळायचे, २०२५ मध्ये ट्रायनं, म्हणजे टेलिफोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, मुदत वाढवली.

तक्रार म्हणजे राग नव्हे, माऊली. राग पोरावर निघतो, तक्रार ओट्यावर जाते. तक्रारी साठल्या की त्या धंद्याच्या फोनच्या लाइनी तोडता येतात. म्हणून त्या पोराला दोनच शब्द म्हणा, "नको बाळा", आणि ठेवा. कारण सांगू नका. आत्ता जमणार नाही, असं तर म्हणूच नका, त्याच्या कागदावर त्याचा अर्थ 'परवा पुन्हा करा' असा होतो. नंतर शांतपणे १९०९.

हा नंबर त्यांच्याकडे गेला कुठून, हेही एकदा बघा. जत्रेत लकी ड्रॉचं कुपन भरलं, कापडाच्या दुकानात बिलासाठी विचारला, कुठलं तरी ॲप घेतलं आणि सगळ्याला हो हो म्हणत गेलो. प्रसाद वाटावा तसा आपण नंबर वाटतो.

पण एक गोष्ट वेगळी काढून सांगतो, कारण तिथे "नको बाळा" चालणार नाही. फोनवर कुणी म्हणालं, मी पोलीस बोलतोय, सीबीआयमधून बोलतोय, तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, कुणाला सांगू नका, कॅमेऱ्यासमोरून हलू नका; तर तो गरजू ब्राह्मण नाही, तो चोर आहे. आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही. म्हातारी माणसं घाबरून आयुष्याची पुंजी पाठवून बसलीत. त्यांच्यात शिकलेली आहेत, निवृत्त अधिकारी आहेत. इथे शांती, क्षमा काही आठवायचं नाही. फोन ठेवायचा आणि घरातल्या माणसाला हाक मारायची. पैसे गेले असतील तर क्षणाचा उशीर न करता १९३०. लाज धरून दोन दिवस गप्प बसाल तर पैसा पुढच्या पुढे जातो.

एका गावात एक बाई मला भेटली. लोनच्या फोनांना इतकी विटली, की अनोळखी नंबर उचलायचाच नाही असं तिनं ठरवलं. लेक बाळंतपणाला दवाखान्यात. जावयाचा फोन बंद पडला, म्हणून त्यानं दुसऱ्याच्या फोनवरून पाच वेळा लावला. हिनं पाचही वेळा कापला. नातू झालेला तिला दुसऱ्या दिवशी दुपारी कळला. सगळं सुखरूप होतं म्हणून ती हसत सांगत होती. पण सांगताना पदर डोळ्याला होता. शंभर खोट्या हाकांनी एक खरी हाक बुडवली.

आता जरा आत बघा. जपाला बसलं की काय होतं? वाजतोच ना आतला फोन! शेजाऱ्याच्या नव्या ट्रॅक्टरचा येतो, बांधाच्या भांडणाचा येतो. नको म्हणावं तर दुसऱ्या नंबरावरून तोच पुन्हा. आणि आपण त्याच्याशी बोलत बसतो. भावानं असं म्हटलं तेव्हा मी असं म्हणायला हवं होतं... झालं, माळ हातात आणि मणी तिथेच. तिथेही विचाराला शिवी देऊन उपयोग नाही. तो आला, दिसला, "नको बाळा", आणि पुढचा मणी. पुन्हा येईल. पुन्हा तेच. नाथ एकशे आठ वेळा गोदेवर गेले, आणि आपल्या माळेतही मणी तेवढेच आहेत.

त्या गृहस्थांना मी हेच सांगितलं. मग दिंडीतल्या एका कॉलेजच्या पोराला बोलावलं आणि त्यांच्या फोनवरून मेसेज करून घेतला. बघता बघता पंधरा-वीस जण रांगेत फोन घेऊन उभे. त्या पोरानं सगळ्यांचं करून दिलं, रात्री साडेदहापर्यंत. तुमच्या घरात, फडात, दिंडीत असं एखादं पोर असेलच. आज जेवणं झाली की त्याला बसवा, आणि आजी-आजोबांचे फोन आधी घ्या.

बोला, पुंडलिक वरदे हारी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!