स्थूलत्वावरील शस्त्रक्रियेनंतरची न्याहारी



अतिस्थूलत्व कमी करण्यासाठी जठरावर करावयाची शस्त्रक्रिया ही आता केवळ परदेशांतील नवलाची गोष्ट राहिलेली नाही. डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली अमेरिकेत जठराला वळसा देणारी शस्त्रक्रिया प्रथम केली. आज मुंबई-पुण्यातील रुग्णालयांत अशा शस्त्रक्रिया नित्य होतात आणि रुग्ण थोड्याच दिवसांत आपल्या गावी परततो. शल्यविशारदाचे काम तेथे बहुतांशी संपते. पुढील यश घरच्या स्वयंपाकघरावर अवलंबून राहते.

या शस्त्रक्रियेचे दोन प्रकार विशेष रूढ आहेत. एकात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकून त्याची अरुंद नळी ठेवतात. दुसऱ्यात अवघी सुमारे ३० मिलिलिटरची लहान पिशवी करून ती थेट लहान आतड्यास जोडतात. दोहोंचा परिणाम असा, की चार-सहा घासांतच पोट भरते. शरीराची प्रथिनांची गरज मात्र कमी होत नाही. अशा रुग्णास दररोज किमान ६० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे तज्ज्ञ सांगतात. ती न मिळाल्यास चरबीबरोबर स्नायूही झिजतात, केस गळतात, जखमा लवकर भरत नाहीत आणि पायांवर सूज येते. वजन उतरले, परंतु माणूस खंगला, अशी अवस्था होते.

म्हणूनच सकाळच्या न्याहारीचे महत्त्व आहे. दिवसाच्या प्रथिनांपैकी १५ ते २० ग्रॅम न्याहारीतच मिळाल्यास उरलेला हिशेब सोपा होतो. आपल्याकडील नेहमीची न्याहारी येथे अपुरी पडते. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम पोह्यांत जेमतेम २ ग्रॅम प्रथिने असतात. साबुदाण्यात तर ती जवळजवळ नाहीतच. चहा-बिस्किटांनी पोट भरते, पोषण होत नाही. शिरा वा गुळाचा पदार्थ लहान आतड्यात वेगाने उतरल्यास घाम, धडधड, चक्कर व जुलाब असा त्रास संभवतो.

उपाय महाग नाहीत. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम व ५० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे ९ ग्रॅम प्रथिने असतात; दोन्ही मिळून १५ ग्रॅमचा पल्ला गाठता येतो. ३० ग्रॅम मूगडाळ भिजवून केलेल्या मऊ धिरड्यात सुमारे ७ ग्रॅम प्रथिने येतात. सोबत घट्ट चक्का घेतल्यास तीत चांगली भर पडते. २०० मिलिलिटर दुधात दोन मोठे चमचे साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळल्यास सुमारे १२ ग्रॅम प्रथिने मिळतात. दूध न पचणाऱ्यांनी दही किंवा सोयाबीनचे दूध घ्यावे. सोयाबीनच्या कोरड्या वड्यांत वजनाच्या जवळजवळ निम्मी प्रथिने असतात; त्या शिजवून, बारीक वाटून धिरड्याच्या पिठात घालाव्यात.

अर्थात, हे पदार्थ पहिल्या दिवसापासून नव्हेत. सुरुवातीस पातळ पेये, नंतर वाटलेले अन्न, मग मऊ पदार्थ, असा क्रम असतो. नेहमीच्या अन्नापर्यंत येण्यास साधारणतः ६ ते ८ आठवडे लागतात. हा क्रम आपल्या शल्यविशारदाच्या सल्ल्यानेच ठरवावा. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रथिनांचे प्रमाणही त्यांनाच विचारावे. ताटातील प्रथिनयुक्त पदार्थ प्रथम खावा. घास लहान घ्यावा, सावकाश चावावा आणि पोट भरल्याची जाणीव होताच थांबावे. जेवताना पाणी पिऊ नये. त्यानंतर अर्ध्या तासाने घोटघोट प्यावे. लोह, कॅल्शियम व जीवनसत्त्वांच्या गोळ्या आजन्म घ्यावयाच्या असतात. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये. लोह व कॅल्शियम यांत दोन तासांचे अंतर ठेवावे.

एका धोक्याची जाणीव गावातील प्रत्येक आरोग्यसेवकास असावयास हवी. अशा रुग्णास वारंवार उलट्या होत असतील, तर तो अपचनाचा किरकोळ त्रास समजू नये. ब-१ जीवनसत्त्वाची तीव्र उणीव होऊन मेंदूला कायमची इजा होऊ शकते. दृष्टी दुहेरी होणे, चालताना तोल जाणे किंवा भ्रम होणे, यांपैकी काहीही दिसल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात हलवावे व शस्त्रक्रियेची माहिती डॉक्टरांस आवर्जून द्यावी.

आपल्या समाजात आग्रह हे प्रेमाचे लक्षण मानले जाते. पंगतीत वाढलेले टाकणे अशिष्ट समजतात, तर उपवास मोडणे अनेकांना रुचत नाही. या रुग्णाच्या बाबतीत मात्र आग्रह न करणे हेच खरे अगत्य होय. कार्यालयप्रमुखांनी अशा सहकाऱ्यास सावकाश खाण्यास पुरेसा वेळ द्यावा. शिक्षकांनी ही माहिती पालकसभेत सांगावी. पंचायत सदस्यांनी आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका यांच्यामार्फत ती घरोघरी पोहोचवावी. शस्त्रक्रियेने लाभलेले नवे आयुष्य टिकविणे हे एकट्या रुग्णाचे नव्हे, तर त्याच्या घराचे आणि गावाचेही कर्तव्य आहे.