सुलतानाची चूल आणि सोनोग्राफीचे यंत्र

(शनिवार पेठेतील आमच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



विज्ञानकथांत आधी आले आणि प्रत्यक्षात नंतर, अशा शोधांविषयी बोलायला तुम्ही मला सांगितलेत. स्त्रियांच्या बैठकीत हा विषय कशाला, असे काहीजणींना वाटले असेल. मला मात्र तो आपलाच विषय वाटतो.

नेहमीची उदाहरणे आपल्याला ठाऊक असतात. ज्यूल व्हर्न यांनी १८६५ साली कादंबरीतून माणसे चंद्राकडे धाडली. १९६९ मध्ये माणूस तिथे उतरला. एच. जी. वेल्स यांनी १९१४ च्या कादंबरीत अणुबॉम्ब कल्पिला. लिओ झिलार्ड या शास्त्रज्ञाने ती १९३२ मध्ये वाचली, पुढच्याच वर्षी त्याला अणूंच्या साखळी प्रक्रियेची कल्पना सुचली आणि १९४५ मध्ये हिरोशिमा बेचिराख झाले. ऑल्डस हक्सले यांनी १९३२ मध्ये बाटलीत वाढणारी मुले रंगवली. तसे काही झाले नाही, पण शरीराबाहेर फलन होऊन जन्मलेले पहिले मूल १९७८ मध्ये इंग्लंडात जगाने पाहिले आणि १९८६ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी तसाच प्रयोग यशस्वी केला.

ही यादी ऐकताना एक गोष्ट खटकते. स्वप्ने पाहणारे सगळे पुरुष. बायकांनी यंत्रांची स्वप्ने पाहिलीच नाहीत का?

पाहिली. १९०५ साली मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये बेगम रुकैया सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा छापून आली. बंगालमधल्या पडदानशीन घरातली ही बाई. नवरा दौऱ्यावर असताना वेळ घालवायला तिने कथा लिहिली. परत आल्यावर त्याने ती उभ्याउभ्याच वाचून काढली आणि हा तर भयंकर सूड आहे, असे तो म्हणाला, अशी आठवण तिनेच सांगितली आहे.

कथेतल्या स्त्रीराज्यात पुरुष पडद्यात आहेत आणि बायका कारभार पाहतात. तिथे बायकांची दोन विद्यापीठे आहेत. एक ढगांतून पाणी उतरवून घेते, दुसरे सूर्याची उष्णता साठवते. हवेतून जाणारी गाडी आहे. एकवीस वर्षांच्या आत मुलीचे लग्न करायचे नाही, असा नियम आहे. लक्षात घ्या, आपल्याकडे शारदा कायदा १९२९ साली आला आणि त्यात मुलीचे वय चौदा होते! पण मला सर्वांत आवडते ते तिथले स्वयंपाकघर. भाजीच्या बागेत असलेले, स्वच्छ. धूर नाही, कोळसा नाही. उन्हावर रांधायचे.

ज्या बाईचा जन्म चुलीच्या धुरात जातो तिलाच हे सुचणार. आणि ते सुचायला आधी शिकायला मिळावे लागते. इथून थोड्याच अंतरावर, बुधवार पेठेत, १८४८ मध्ये सावित्रीबाई आणि जोतीरावांनी मुलींची शाळा काढली. रुकैयांनीही १९११ मध्ये कलकत्त्यात मुलींची शाळा उभी केली. शाळा आणि शोध ही जोडी दोघींच्याही लेखी सुटी नव्हती.

आता त्या चुलीचे पुढे काय झाले ते पाहू. सूर्यचूल खरी झाली. शिर्डीच्या प्रसादालयात २००९ मध्ये ७३ मोठ्या तबकड्या बसवून उन्हाच्या वाफेवर हजारोंचा स्वयंपाक सुरू झाला. म्हणजे तंत्र अशक्य नव्हते. पण घरात काय? पेटीसारखी सूर्यचूल वर्षानुवर्षे मिळते आहे. तिच्यासाठी गच्ची लागते, ऊन चढेपर्यंत थांबावे लागते. सकाळी सातला डबा करून कामावर जाणाऱ्या, एका खोलीत राहणाऱ्या बाईला तिचा काय उपयोग? तिच्या वेळेत, तिच्या जागेत बसेल अशी चूल घडवण्यासाठी कोणी पैसा आणि अक्कल खर्च केली? खेड्यापाड्यांतल्या कितीतरी घरांत, सिलिंडर भरायला पैसे नसले की पुन्हा लाकूडफाटाच पेटतो.

याच्या शेजारी दुसरे स्वप्न ठेवा: मुलगाच व्हावा हे. डॉ. जयंत नारळीकरांच्या १९७९ च्या ‘यक्षांची देणगी’ या संग्रहात ‘पुत्रवती भव’ नावाची कथा आहे. मुलगा की मुलगी हे ठरवायचे साधन हाती आले तर समाजाचे काय होईल, हा तिचा विषय. आशीर्वाद तोच जुना, फक्त देणारे विज्ञान. आणि या स्वप्नाला गच्चीची अडचण आली नाही, उन्हाची वाट पाहावी लागली नाही! गर्भातले दोष शोधण्यासाठी आलेली गर्भजल परीक्षा पाहता पाहता मुली शोधण्यासाठी वापरली जाऊ लागली. मग सोनोग्राफी आली आणि गावोगाव पोचली. जिथे एरवी डॉक्टर वेळेवर भेटत नाही, तिथे यंत्र भेटले.

बायका गप्प बसल्या नाहीत. चळवळीच्या रेट्यामुळे १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात पहिल्यांदा याविरुद्ध कायदा केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला. तो कागदावरच राहतो हे पाहून २००० साली ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. २००३ मध्ये कायदा अधिक कडक झाला. तरी आकडे पाहा. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात तर ८०७. आता गरोदर बाईच्या थोड्याशा रक्तावरून दहाव्या आठवड्याच्या सुमारास लिंग कळू शकते. कायदा त्यालाही लागू आहे, पण यंत्र पुढे आणि कायदा मागे, ही शर्यत संपलेली नाही. आणि हेही स्पष्ट म्हणू या, की आपला विरोध लिंगनिवडीला आहे, बाईच्या गर्भपाताच्या हक्काला नाही.

तेव्हा कोणते स्वप्न आधी खरे होणार, हे केवळ शास्त्रज्ञाची हुशारी ठरवत नाही. घरात आणि बाजारात ज्याचा शब्द चालतो त्याची इच्छा ते ठरवते. बाईचा धूर थांबवणारी चूल शंभर वर्षे रेंगाळते. मुलगी नको म्हणणाऱ्यांच्या कामी येणारे यंत्र दहा-वीस वर्षांत घराघरापर्यंत पोचते.

म्हणून विज्ञानाकडे पाठ फिरवायची का? मुळीच नाही. रुकैयांनी विद्यापीठेच मागितली होती. नवे यंत्र आले की आपल्या गटात तीन प्रश्न विचारू या: हे कोणाला हवे होते? याने कोणाचे कष्ट वाचतात? आणि याची किंमत कोणाच्या शरीराने चुकवायची? शिवाय चौथे एक काम करू या. प्रत्येकीने आपल्याला हवे असलेले, अजून कोणी न केलेले एक यंत्र लिहून आणायचे. पुढच्या बैठकीत ते सगळे वाचू. मागणी करायची तर आधी काय मागायचे ते सुचायला हवे ना!