गुणसूत्रे, जनुके आणि सोयरीक



घरात मूल जन्मले की नाक अब्बांचे की अम्मीचे, याची चर्चा होते. तिचे उत्तर पेशीत दडलेले आहे. शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या केंद्रकात 46 सूक्ष्म धागे असतात. यांनाच गुणसूत्रे म्हणतात. पूर्वी ही संख्या 48 मानत. 1956 साली 46 हा आकडा निश्चित झाला. त्यांच्या 23 जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र पित्याकडून, दुसरे मातेकडून येते. या धाग्यांवर सुमारे 20,000 जनुके असतात. शरीराला लागणारी प्रथिने कशी घडवावीत, याच्या त्या सूचना होत.

तेविसाव्या जोडीत स्त्रीकडे दोन एक्स, तर पुरुषाकडे एक एक्स व एक वाय असतो. माता फक्त एक्सच देऊ शकते. पित्याकडून एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. म्हणजे मुली झाल्या म्हणून सुनेला बोल लावणे अज्ञानाचे आहे. पित्याच्याही हाती यातले काही नसते.

आता रक्ताकडे वळू. हिमोग्लोबिनचे एक जनुक अकराव्या गुणसूत्रावर असते. त्यातील बिघाडाने सिकलसेल किंवा थॅलेसेमिया होतो. थॅलेसेमियाच्या गंभीर प्रकारात मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. प्रत्येकाजवळ या जनुकाच्या दोन प्रती असतात. एकच बिघडलेली असेल तर माणूस सहसा धडधाकट असतो. त्याला वाहक म्हणतात. मात्र दोन वाहकांचा विवाह झाला, तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक असते. पहिले आजारी निघाले म्हणून पुढची तीन निरोगी, असा हिशेब नाही. प्रत्येक खेपेला फासा नव्याने पडतो.

मराठवाड्यात मामे-आते भावंडांत सोयरीक अनेक समाजांत होते. आपल्यात चुलत-मावस नात्यातही होते. आजी-आजोबा एकच असल्याने एकच छुपा दोष दोघांकडे उतरलेला असू शकतो. अशा विवाहांतील बहुतेक मुले निरोगीच असतात, पण धोका वाढतो हे खरे. नात्याबाहेर सोयरीक केली म्हणूनही निर्धास्त राहू नये. शेजारच्या किनवट-माहूर भागात आणि विदर्भात सिकलसेल आढळतो.

म्हणून सुपारी फुटण्यापूर्वी मुलगा व मुलगी दोघांचेही रक्त तपासावे. सिकलसेलसाठी 2023 पासून राष्ट्रीय मोहीम सुरू आहे. त्याच्या साध्या चाचणीत थॅलेसेमियाचा वाहक कळत नाही. त्यासाठी डॉक्टरांना एचपीएलसी तपासणीविषयी विचारावे. वाहक निघणे हा कलंक नव्हे. जोडीदाराच्या रक्तात असा दोष नसेल, तर मुलाला हा आजार होत नाही. मुलीचा अहवाल गावभर करून तिचे नाव खराब करू नका.

विद्यार्थ्यांनो, हा धडा परीक्षेपुरता ठेवू नका. आज घरी गेल्यावर तो आई-वडिलांना समजावून सांगा. लग्नाची तारीख ठरवताना आपण दहा गोष्टी विचारतो, त्यांत ही अकरावी असू द्या.