घरचा बोलका संगणक
(सेक्टर ६७ येथे मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



संगणकाशी संभाषण ही कल्पना नवी नव्हे. अमेरिकेत जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ सालीच ‘एलायझा’ ही बोलकी आज्ञावली प्रसिद्ध केली होती. आज संगणक मराठीतही उत्तरे देतो. आमचा प्रश्न निराळा आहे : आपण त्याला सांगितलेले जाते कोठे?

प्रचलित सेवांत आपला मजकूर इंटरनेटवरून दूरच्या कंपनीच्या यंत्रांकडे जातो. म्हणूनच केंद्रीय अर्थमंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये चॅटजीपीटी, डीपसीक यांसारखी साधने कार्यालयीन संगणकांवर वापरू नयेत, असे कळविले. सरकारी कागदांना जे पथ्य, ते आपल्या सभासदांच्या यादीला, वधूवरांच्या माहितीला वा आजारपणाच्या कागदांना का नसावे?

यावर उपाय आहे. मार्च २०२३ मध्ये बल्गेरियाचे जॉर्जी गेर्गानोव्ह यांनी ‘लामा डॉट सीपीपी’ ही आज्ञावली सर्वांस खुली केली आणि भाषेची मॉडेले घरगुती संगणकांवर चालू लागली. यातील युक्ती अंकगणिताची आहे. सात अब्ज संख्यांचे मॉडेल, प्रत्येक संख्येस सोळा बिट दिल्यास, सुमारे १४ गिगाबाइट जागा घेते; चार बिटांत बसविल्यास साडेतीन-चार गिगाबाइटांत मावते. अचूकता किंचित घटते, परंतु १६ गिगाबाइट मेमरीच्या संगणकावर काम निभते.

कृती सोपी आहे. ‘ओलामा’ हे विनामूल्य साधन बसवावे, ‘जेम्मा’सारखे मॉडेल एकदा उतरवून घ्यावे आणि इंटरनेट बंद करून प्रश्न विचारावा. उत्तर आले, की शब्द उंबरठ्याबाहेर गेला नाही याची खात्री पटते. १२७.०.०.१ हा संगणकाचा स्वतःपुरता पत्ता मात्र बदलू नये. बदलल्यास शेजारच्या संगणकांनाही दार उघडते.

घरचे यंत्र गुपित राखते. सत्याची हमी देत नाही. लहान मॉडेलांचे मराठी अद्याप कच्चे आहे, कारण त्यांना शिकण्यास मराठी मजकूर इंग्रजीच्या मानाने फार थोडा मिळाला. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिपी संगणकावर रुजविल्या; त्या संस्थेचे केंद्र आपल्या मोहालीतही आहे. लिपीचे काम झाले, मजकुराचे काम आपले आहे. मंडळाच्या पन्नास वर्षांतील लेख, लेखकांच्या संमतीने, युनिकोडमध्ये टंकित करून सर्वांस खुले करावेत. सभासदांची यादी मात्र घरातच राहू द्यावी.