यंत्रांतलें यंत्र आणि जुना परवाना

रत्नागिरीस वर्षाकाठीं ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि पावसाळा संपला तरी समुद्रावरून येणारी खारी हवा कांहीं थांबत नाहीं. लोखंडी खिळ्याची जी गत, तीच हळूहळू काँप्युटरच्या पोटांतील नाजूक जोडांची होते. मग एखाद्या सकाळीं बटण दाबावें आणि पडद्यावर कांहींच उमटूं नये! यंत्राचें दुःख फारसें नसतें. नवें घेतां येतें. दुःख असतें तें त्याबरोबर मुका झालेल्या मजकुराचें.

हा मजकूर मुका कां होतो? देवनागरीस युनिकोडमध्यें १९९१ सालींच जागा मिळाली, पण विंडोजनें ती प्रत्यक्ष वापरांत आणली ती २००० सालच्या आवृत्तीपासून. त्यानंतरही मराठी छपाईंत पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सी-डॅकचें आय. एस. एम. हीं साधनें दीर्घकाळ चाललीं. त्यांच्या जुन्या फाँटांत ‘क’ हा ‘क’ म्हणून नोंदलेला नसे. दुसऱ्याच एखाद्या चिन्हाच्या जागीं त्याचें चित्र तेवढें बसविलेलें असे. फाँट आहे तोंवर तें मराठी. फाँट गेला कीं चमत्कारिक चिन्हांची नुसती रांग. घराण्याचा कुलवृत्तांत, आजोबांच्या आठवणी, पेजमेकरमध्यें लावलेली शाळेची स्मरणिका, असा ऐवज ज्या घरीं आहे, त्या घरास जुनी विंडोज एक्सपी अजून हवीशी वाटली तर नवल नाहीं.

ती पुन्हां मिळविण्याचा मार्ग म्हणजे व्हर्च्युअल मशीन. नव्या यंत्राच्या आंत, केवळ प्रोग्रामच्या बळावर, दुसरें यंत्र उभें करावयाचें. त्याला मेमरीचा थोडा वाटा द्यावयाचा, हार्ड डिस्क म्हणून एक मोठी फाइल द्यावयाची, आणि त्यांत एक्सपी बसवावयाची. कल्पना जुनी आहे, आय. बी. एम.च्या केंब्रिज येथील केंद्रानें १९६७ मध्येंच एका मोठ्या यंत्रांत अशीं अनेक यंत्रें चालविलीं होतीं. घरगुती काँप्युटरांत ती सुलभ झाली ती २००५-०६ च्या सुमारास प्रोसेसरमध्येंच तशी सोय आल्यावर. व्हर्च्युअलबॉक्ससारखा प्रोग्राम आज विनामूल्य मिळतो.

परंतु एक्सपी बसविण्यास परवाना लागतो, आणि येथें बहुतेकांचा हात जुन्या डब्यावर चिकटविलेल्या पंचवीस अंकाक्षरांच्या चिठ्ठीकडे जातो. तो तसा जाण्यापूर्वीं थोडा विचार हवा. १९४९ च्या कायद्यानें खोती जाईपर्यंत जमीन कसणारा एक व तिजवरील हक्क दुसऱ्याचा, हें कोंकणानें पुष्कळ पाहिलें. प्रोग्राम विकत घेणाराही असाच कूळ आहे. त्याच्या वहिवाटीच्या अटी परवान्यांत लिहिलेल्या असतात. यंत्राबरोबर आलेली विंडोज त्याच यंत्राशीं बांधलेली. यंत्र मेलें कीं तिचा हक्क संपला, मग चिठ्ठी कितीही शाबूत असो. दुकानांतून वेगळ्या खोक्यांत घेतलेली प्रत मात्र दुसऱ्या यंत्रावर नेतां येते. पहिल्यावरून ती पुरती काढून टाकली म्हणजे झालें. आणि कंपनीच्या हिशेबीं आंतलें यंत्र हें स्वतंत्र यंत्रच. बाहेरच्या विंडोजचा परवाना आंतल्या विंडोजला पुरत नाहीं.

या अटी कांहीं निसर्गनियम नव्हेत. २००७ मध्यें व्हिस्टाच्या घरगुती आवृत्त्या व्हर्च्युअल मशीनमध्यें चालविण्यास मायक्रोसॉफ्टनें मनाई केली, आणि वर्षभरानें, जानेवारी २००८ मध्यें, ती उठविली. पुढें २००९ मध्यें विंडोज ७ प्रोफेशनलच्या धारकांस आंत चालणारी एक्सपी तिनेंच फुकट दिली. तरी अटी लहरी आहेत ही सबब होत नाहीं. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास कॉपीराइट कायद्यांत शिक्षा आहे. उलट त्याच कायद्याचें कलम ५२ खऱ्या धारकास सुरक्षिततेसाठीं राखीव प्रत करूं देतें.

ज्यांचा परवाना यंत्राबरोबर गेला, त्यांनींही हताश होऊं नये. साधी वर्डची फाइल लिबरऑफिस उघडतें, आणि फाँट रीतसर आपला असेल तर ती वाचतांही येते. पेजमेकरच्या पानांच्या मांडणीचा मात्र तेथें भरंवसा नाहीं.

एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजीं थांबली. म्हणून आंतल्या यंत्राचें नेटवर्क बंद ठेवणें उत्तम. नव्यानें बसविली कीं ती परवान्याची पडताळणी मागते व तीस दिवसांत ती न झाल्यास अडून बसते, यासाठीं मजकूर बाहेर काढण्याचें काम पहिल्या महिन्यांतच उरकावें. श्रीलिपीचें कुलूप यू. एस. बी.चें असेल तर आंतल्या यंत्राकडे सोपवितां येतें. जुन्या प्रिंटर-पोर्टाचें असेल तर पंचाईत आहे. स्नॅपशॉट घेतला म्हणजे राखीव प्रत झाली, हा एक लाडका भ्रम. तो त्याच डिस्कवर राहतो व तिजबरोबरच जातो. यंत्र रीतसर बंद करून डिस्कची सगळी फाइल दुसऱ्या डिस्कवर उतरवावी, तीही मृगापूर्वीं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे दिवसेंदिवस वीज नव्हती, आणि लिहितां लिहितां वीज गेलेली फाइल पुन्हां उघडेलच असें नाहीं.

शेवटचें काम सर्वांत कंटाळवाणें. जुना मजकूर युनिकोडमध्यें बदलणारे प्रोग्राम आहेत, पण रफार आणि ऱ्हस्व इकार यांशीं त्यांचें सहसा जमत नाहीं. ‘मूर्ति’ची ‘मूतिर्’ होऊन बसते. यासाठीं पडद्यावर दोन खिडक्या शेजारीं मांडाव्या, घरांतील एकानें एक्सपीमधलें पान मोठ्यानें वाचावें, आणि दुसऱ्यानें नव्या पानावर ओळीखालीं बोट धरून तपासीत जावें.