शिखर ही अर्धीच वाट



ऑक्टोबर १९८५. एव्हरेस्ट आणि ल्होत्से या दोन महाशिखरांच्या मधल्या 'साउथ कोल' खिंडीत भारतीय सेनादलाच्या मोहिमेचे तंबू उभे होते. उंची सुमारे ७,९०० मीटर. ७ ऑक्टोबरला शिखराकडे निघालेल्या तुकडीतील मेजर किरण कुमार यांचा तोल गेला आणि ते कड्यावरून खाली कोसळले. त्यानंतर वारा असा काही सुटला की, खिंडीतील सहकाऱ्यांना खाली उतरणे अशक्य झाले. मेजर जय बहुगुणा, मेजर रणजितसिंग बक्षी, कॅप्टन विजयपालसिंग नेगी आणि लेफ्टनंट एम. यू. बी. राव या चौघांचा तेथेच अंत झाला. समोर शत्रू नव्हता, एकही गोळी सुटली नव्हती. तरीही सेनादलाने आपले पाच उमदे अधिकारी गमावले.

या पाचांपैकी दोन नावांपाशी थोडे थांबले पाहिजे. जय बहुगुणा यांचे थोरले बंधू मेजर हर्ष बहुगुणा १९६५च्या भारतीय एव्हरेस्ट मोहिमेत होते. प्रकृतीने साथ न दिल्याने शिखर अगदी आवाक्यात आले असताना त्यांना परतावे लागले. १९७१ साली आंतरराष्ट्रीय मोहिमेतून ते पुन्हा एव्हरेस्टवर गेले. १८ एप्रिल रोजी उतरताना हिमवादळाने त्यांना गाठले आणि कड्यावर आडव्या बांधलेल्या दोरावर ते अडकून पडले. त्यांच्या हाका छावणीत ऐकू आल्या. सहकारी तशा वादळात बाहेर पडले, त्यांच्यापर्यंत पोहोचलेही; पण त्यांना जिवंत खाली आणणे मनुष्यशक्तीच्या पलीकडचे होते. ज्या पर्वताने थोरला भाऊ नेला, त्याच पर्वतावर चौदा वर्षांनी धाकटा गेला, आणि तोही परतला नाही.

किरण कुमार यांचे थोरले बंधू म्हणजे कर्नल नरेंद्र कुमार, सियाचेन हिमनदीवर जाऊन देशाला सावध करणारे 'बुल' कुमार. १९६१ साली नीलकंठ शिखराच्या मोहिमेत हिमदंशाने त्यांच्या पायाची चार बोटे गेली. गिर्यारोहण मात्र सुटले नाही. भावाची अधू पावले ठाऊक असतानाही किरण कुमार एव्हरेस्टच्या वाटेला लागले.

याला वेड म्हणावे काय? म्हणणाऱ्याने खुशाल म्हणावे. पण १९८४ साली ल्होत्सेच्या उतारावरील छावणीवर मध्यरात्री बर्फाचा लोंढा कोसळला, बचेंद्री पाल तंबूसकट गाडल्या गेल्या आणि डोक्याला मार बसला, तेव्हा त्यांना खाली उतरण्याची पूर्ण मुभा होती. त्या उतरल्या नाहीत. आठवड्याभरात, २३ मे रोजी, एव्हरेस्टवर पोहोचलेली पहिली भारतीय महिला म्हणून त्यांची नोंद झाली. कोणत्याही हिशेबात न बसणारी ही ओढ आहे. पायथ्याशी राहणाऱ्याला तिची फक्त वार्ता कळते.

ही ओढ जीवघेणी का ठरते, हेही समजून घेतले पाहिजे. एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे एक तृतीयांश उरतो, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही तेवढाच. आठ हजार मीटरच्या वर शरीर सरावत नाही, ते केवळ झिजत जाते. फुफ्फुसांत पाणी साचते, मेंदूला सूज येते. आणि सर्वांत घातक गोष्ट अशी की, थकलेल्या स्नायूंच्या आधी सारासार विचार साथ सोडतो. परत फिरायचे की पुढे जायचे, हा आयुष्यातला सर्वांत कठीण निर्णय जेथे घ्यायचा, नेमकी तेथेच बुद्धी मंदावलेली असते. म्हणून जाणते नेते परतीची वेळ खाली छावणीतच ठरवून देतात. ती टळली की शिखर हाताशी असले तरी मागे वळायचे. १० मे १९९६ रोजी एव्हरेस्टच्या उत्तर बाजूने भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे तीन लडाखी जवान पुढे गेले. सोबतच्या अधिकाऱ्याने परतण्यास सांगितले होते, असे त्या मोहिमेच्या वृत्तांतात आले आहे. त्या संध्याकाळी पर्वतावर वादळ घोंगावत होते. तिघांपैकी कोणीही परतले नाही.

आणखी एक हिशेब सहसा मांडला जात नाही. ही जोखीम फक्त हौशी गिर्यारोहकाची नसते. १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबूच्या हिमप्रपातात बर्फाचा कडा कोसळून जे १६ जण गेले, ते सारे नेपाळी कामगार होते. दुसऱ्यांच्या शिखरासाठी दोर आणि शिधा वाहणारे.

आपला समाज वर पोहोचलेल्याला हारतुरे घालतो आणि वर राहिलेल्याला हुतात्मा म्हणतो. शहाणपणाने माघारी वळलेल्याचे स्वागत करायला मात्र स्थानकावर कोणी जात नाही. विक्रमांच्या वहीत त्याच्यासाठी रकानाच नाही! ही उणीव पर्वताची नव्हे, पायथ्याशी उभ्या असलेल्यांची आहे. वर जाणाऱ्या तरुणाच्या पाठीवर तिचे ओझे असते. १९७७ साली 'बुल' कुमारांच्या नेतृत्वाखाली सेनादलाने कांचनगंगा ईशान्येकडून सर केली, तेव्हा मेजर प्रेमचंद आणि त्यांचा शेर्पा सहकारी सिक्कीमच्या श्रद्धेचा मान राखून माथ्याच्या किंचित खाली थांबले. माथ्यावर पाऊल न ठेवल्याने तो विजय कोणत्या अर्थाने उणा झाला?

भारताची एव्हरेस्टगाथा तर माघारीपासूनच सुरू होते. १९६० साली ब्रिगेडियर ग्यानसिंग यांच्या मोहिमेतील नरेंद्र कुमार, सोनम ग्यात्सो आणि नवांग गोम्बू हे शिखर अवघे सातशे फूट उरले असताना वादळामुळे मागे फिरले. १९६२ साली मेजर जॉन डायस यांच्या मोहिमेतील मोहनसिंग कोहली, सोनम ग्यात्सो आणि हरी डांग यांनी सुमारे चारशे फुटांवरून पाय मागे घेतला. डोळ्यांना शिखर दिसत असताना! त्यानंतर तीनच वर्षांनी कोहली मोहिमेचे नेते झाले. २० मे १९६५ रोजी अवतारसिंग चिमा यांच्यासह गोम्बू माथ्यावर पोहोचले, आणि दोन दिवसांनी सोनम वांग्यालसह सोनम ग्यात्सो. महिना संपण्यापूर्वी नऊ जणांनी शिखर गाठले, आणि नऊही जण सुखरूप खाली परतले.